एका दिनाराने गरीब

१

रविवारी सकाळी पावणेआठला अपरांत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाहीर झालं की बहरीनमधला सर्वांत गरीब मराठी माणूस जयेश वाघधरे आहे.

जयेश बँकेत होता. म्हणजे बँकेच्या दारात नव्हे, आत, सहाव्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये. पगार एकोणीसशे दिनार. गटावर पहिल्या पाच मिनिटांत सदतीस जणांनी जोडलेले हात टाकले. दोघांनी नुसता फोटो पाहून श्रद्धांजलीही वाहिली.

आठ वाजून दहा मिनिटांनी तय्यबा परकारच्या झिंजमधल्या फ्लॅटची बेल वाजली आणि नंतर वाजतच राहिली. दारात नजीब हमदुले. मुहर्रकला विमानतळावर सामान चढवायची रात्रपाळी संपवून तो तसाच आला होता, अंगात ते चमकणारं पिवळं जाकीट. कॉरिडॉरमधल्या दिव्याची गरजच उरली नव्हती.

"काय गो, बी.कॉम. याच्यासाठीच झालीस?" त्याने मोबाइल तिच्या नाकापुढे धरला. "वाच. खाली सही कुणाची हाय ती वाच."

यादीत एकच नाव होतं. खाली लिहिलं होतं: तपासले, तय्यबा परकार, हिशेब तपासनीस.

"नजीबचाचा, आत या."

"आत येऊन काय करू? तुझ्याकडचा चहा पिऊन माझी पोर बारावी होणार हाय?"

प्रकरण समजायला मंडळाचा एक नियम समजावा लागतो. मंडळ दरवर्षी एका सभासदाच्या मुलाची पूर्ण फी भरत असे. ज्याचं उत्पन्न सर्वांत कमी, त्याच्या मुलाची. पण उत्पन्न म्हणजे पगार नव्हे. पगारातून पेन्शनचा हप्ता वजा करून जे उरेल ते. ही युक्ती अध्यक्ष चंद्रशेखर टिपणीस यांनी इंग्लंडहून आणली होती. ते तिथे नोकरीला असताना सरकार कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना टॅक्स क्रेडिट देई आणि उत्पन्न मोजताना पेन्शनचे हप्ते वगळी. हप्ता वाढला की कागदावरचं उत्पन्न घटे आणि क्रेडिट वाढे. बहरीनमध्ये पगारावर टॅक्सच नाही, तेव्हा क्रेडिट कशातून द्यायचं, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. मंडळात तो कुणाला पडला नाही. वर्गणीतून देत, आणि त्याला "क्रेडिट"च म्हणत.

नजीबचा पगार तीनशे ऐंशी. बायकोच्या ऑपरेशनमध्ये साठवलेलं सगळं गेलं होतं. मुलगी जिकरा बारावीला. दोन टर्मची फी थकलेली. गुरुवारपर्यंत ती भरली नाही तर शाळा बोर्डाचं हॉल तिकीट देणार नव्हती.

"जयेशची पोर अडीच वर्षांची हाय," नजीब म्हणाला. "प्लेग्रुपला. तिला कसली परीक्षा? केळ्याला पिवळा रंग मारायचा. आणि तो माझ्यापेक्षा गरीब? तू तपासलंस?"

"तपासलं," तय्यबा म्हणाली.

तिने तपासलं नव्हतं. सही घ्यायला आलेल्या टिपणीसांनी गाडी भलत्या ठिकाणी उभी केली होती, मागचा ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता, आणि तिने बॉनेटवर कागद ठेवून अकरा सेकंदांत सही ठोकली होती.

२

दुपारच्या सुट्टीत ती जयेशच्या बँकेत गेली. रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला, साहेब सिक लीव्हवर आहेत. हे सांगताना तो हसला. आजारी माणसाच्या नावावर इतकं मोकळं हसताना तिने कुणाला पाहिलं नव्हतं.

घरचं दार जयेशची बायको मेधा हिने उघडलं. चेहरा असा, की तय्यबाने आपोआप एक पायरी मागे घेतली.

"तूच का ती तपासनीस? ये. पुण्याहून माझ्या आईचा फोन येऊन गेला. विचारत होती, जावई भिकेला लागले तर तांदूळ पाठवू का. कोलम की आंबेमोहोर, तेही विचारलं."

आजारी जयेश सोफ्यावर पायजमा घालून मिसळ खात होता.

"काय होतंय?" तय्यबाने विचारलं.

"ह्याला रविवार होतो," मेधा म्हणाली. "चार महिने झाले इथे येऊन. शुक्रवारी नऊला आपोआप उठतो, टाय लावतो, मग आठवतं सुट्टी आहे. आणि रविवारी उठवत नाही. हा चौथा. एचआरने विचारलंय, तुमचा आजार कॅलेंडर बघून येतो का?"

"मेधा, प्लीज."

"जयेशसाहेब, दर महिन्याला पगाराच्या ऐंशी टक्क्यांवर रक्कम तुम्ही पेन्शनमध्ये टाकता?"

मिसळीचा चमचा हवेतच थांबला. "कोण मी?"

"मी सही केलेल्या कागदावर पावत्यांची नोंद आहे. ठाण्याची शाखा. तीन महिन्यांच्या तीन."

"टिपणीस साहेबांनी एक फॉर्म दिला होता. म्हणाले, नवीन सभासदाला स्वागतभत्ता असतो. मी सही केली. पावत्याबिवत्या मला माहीत नाहीत."

"न वाचता सही केलीत?"

"सगळेच करतात."

ह्यावर तय्यबाला बरंच बोलता आलं असतं, पण तिने विषय बदलला. "माहीत नव्हतं तर सकाळी यादी पाहून गटावर बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" जयेश उठून उभा राहिला. "मी गरीब नाही हो, असं लिहू? चारशे लोकांपुढे? उद्या त्यातले निम्मे उसने मागायला येतील! आणि तुम्ही कोण मला विचारणार? निघा."

बेताचा बोलणारा माणूस एवढा भडकला तर एकतर त्याने चोरी केली आहे किंवा त्याची मिसळ गार झाली आहे. जिना उतरताना तय्यबाने पहिली शक्यता वहीत लिहिली. फायदा त्याचा, सही त्याची, बँकेच्या शिक्क्यांची सवयही त्याला. माणूस सापडल्यात जमा होता.

त्याच रात्री जेवण झाल्यावर तिला गटावर एक मेसेज दिसला. जिकराने वडिलांच्या फोनवरून इंग्रजीत लिहिला होता: "हू चेक्ड दिस?" खाली कुणीच उत्तर दिलं नव्हतं. चारशे जणांनी तो वाचला होता.

३

मंडळाच्या ऑफिसच्या किल्ल्या बिल्किस खतीबच्या कमरेला होत्या. सतरा वर्षं सेक्रेटरी. तिला मंडळातला कुणीच आवडत नसे, आणि ही निःपक्षपाती वृत्ती पाहूनच तिला ते पद दिलं होतं.

"फाइल पाहिजे? आता? सही करायच्या आधी नाही आठवली?"

"बिल्किसआपा, दोन मिनिटं."

"दोन मिनिटं तर दोन मिनिटं. मी घड्याळ लावते." तिने खरोखर लावलं.

जयेशच्या फाइलमध्ये तीन पावत्या होत्या. पाच ऑक्टोबर, दोन नोव्हेंबर, सात डिसेंबर. प्रत्येकीवर ठाणे शाखेच्या काउंटरचा गोल शिक्का, "प्रतिनिधीमार्फत रोख भरणा", आणि रक्कम तीन लाख एकोणसाठ हजार तीस रुपये.

"तीस?" तय्यबा पुटपुटली. "रोख भरणा करणारा माणूस वर तीस रुपये कशाला मोजत बसेल?"

"श्रीमंतांचं काही सांगू नकोस. एक मिनिट झालं."

मंडळाने यंदा दिनारचा भाव दोनशे तीस रुपये ठरवला होता. तय्यबाने मोबाइलवर भागाकार केला. उत्तर आलं एक हजार पाचशे एकसष्ट. बाकी शून्य. एक पैसाही इकडचा तिकडे नाही. बाजारातला भाव रोज वरखाली होतो, आणि ठाण्यातल्या काउंटरवर तीन महिने नेमकी मंडळाच्या ठरावात बसणारी रक्कम भरली जात होती.

एकोणीसशेतून पंधराशे एकसष्ट वजा. उरले तीनशे एकोणचाळीस.

मग तिने नजीबची फाइल ओढली. बिल्किसच्या रजिस्टरमध्ये नजीबचं उत्पन्न होतं तीनशे पंचावन्न. पगार तीनशे ऐंशी, हप्ता पंचवीस. पण फाइलमध्ये तळाशी आणखी एक कागद होता. नजीबने हप्ता वाढवून चाळीस केला होता. म्हणजे उत्पन्न तीनशे चाळीस. कागदाच्या कोपऱ्यात टिपणीसांच्या टोकदार अक्षरात: "३१ डिसेंबर, स्वतः स्वीकारला."

"हे रजिस्टरमध्ये का नाही?"

बिल्किसने चष्मा लावून कागद पाहिला. "हा मी आज पहिल्यांदा बघत्ये. दहा डिसेंबरपासून मी खेडला होते, भाचीच्या लग्नाला. पाच जानेवारीला आले. दोनशे बारा फोटो टाकलेत गटावर, तू एकाला लाइक केलं नाहीस."

तय्यबा दोन आकड्यांकडे बघत राहिली. तीनशे चाळीस. तीनशे एकोणचाळीस.

"आपा, नजीबचाचांचं आणि टिपणीसांचं काही वाकडं आहे?"

घड्याळ वाजलं. बिल्किसने ते बंद केलं, पण तय्यबाला उठवलं नाही. भांडणाची गोष्ट सांगायची असली की तिचे नियम शिथिल होत.

"तू नव्हतीस सभेला. गेल्या मार्चची सभा. दोनशे माणसं. टिपणीस ऐटीत ताळेबंद वाचतायत, आणि हा नजीब मागनं उठतो. 'साहेब, समोशाच्या बिलात एक दिनार जास्त हाय.' बेरीज केली. होताच जास्त. लोक असे हसले, असे हसले! तेव्हापासून समोशांचं नाव काढलं की ते उठून जातात."

४

चंद्रशेखर टिपणीस मंगळवारी बाब अल बहरीनजवळच्या एका चहाच्या दुकानात भेटले. इस्त्रीचा शर्ट, समोर अर्धा कप काळा चहा. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. ती बसली.

"मुली, तुझा प्रश्न मला कळला," ते म्हणाले. "उत्तर सोपं आहे. नियम सर्वांना सारखा. त्या गृहस्थाने म्हातारपणाची सोय केली, म्हणून आज तो नियमाने गरीब आहे. नजीब हमदुलेनेही हप्ता वाढवलाच ना? कशासाठी वाढवला? म्हातारपणाची काळजी म्हणून? क्रेडिट मिळावं म्हणून वाढवला. तेव्हा तुला नियम चालला."

मुद्दा बरोबर होता, आणि बरोबर मुद्दे मांडणाऱ्या नावडत्या माणसाइतका संताप दुसरं कुणी आणत नाही.

"नजीबचाचांनी पंधरा दिनार वाढवले, साहेब. ते खरंच भरले."

"आणि वाघधरेने नाही भरले? शाबित कर. शाबित झालं तर एवढंच शाबित होईल की हिशेब तपासनिसाने डोळे मिटून सही केली. तुझ्या फर्मला ते कळवणं माझं कर्तव्य ठरेल. ऑडिट फर्ममधली मुलगी, न वाचता सही करते. तुझा व्हिसा त्यांच्याकडेच आहे, नाही का?"

हा माणूस तिच्यासमोर चहा पीत होता आणि तो चहाही तिलाच पाजतोय असं वाटत होतं.

"तुम्ही कधी ठाण्याला गेलात, साहेब?"

"इंडियाशी माझा संबंध संपला. आई गेल्यावर पंधरा वर्षांत पाऊल ठेवलं नाही. फोन नाही, माणसं नाहीत, कटकट नाही. खलास. उद्या संध्याकाळी समितीची बैठक आहे. काय बोलायचंय ते तिथे बोल. आणि नीट विचार करून बोल."

बसने झिंजला परतताना तिने पावत्यांचे फोटो पुन्हा काढून पाहिले. शिक्के ठीक. अक्षरं ठीक. पाच ऑक्टोबर, दोन नोव्हेंबर, सात डिसेंबर. तिने कॅलेंडर उघडलं. तिन्ही वेळा महिन्याचा पहिला रविवार. पगार झाला की आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी हप्ता भरायचा. शिस्तीचं काम. तिचे वडीलही लाइट बिल रविवारीच भरत. ती चार वर्षांची असताना बहरीनला आली होती, तेव्हापासून रविवारी शाळा, रविवारी कॉलेज, रविवारी ऑफिस.

तिला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही.

समोरच्या सीटवर एक माणूस पेंगत होता, टाय सैल करून. तिला उगाच जयेश आठवला, आणि त्याला रविवारी काय होतं तेही.

ती बसमध्येच उभी राहिली. ड्रायव्हरला वाटलं तिचा स्टॉप आला. त्याने बस थांबवली.

५

बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात पाच खुर्च्या आणि सहा माणसं होती. नजीब उभा राहिला. बसलो तर सगळ्यांशी सलोखा झाल्यासारखं दिसेल, म्हणाला.

"सुरुवातीला माझा कबुलीजबाब," तय्यबा म्हणाली. "मी न तपासता सही केली."

"बघा!" टिपणीस म्हणाले.

"आता तपासलंय. ह्या पावत्यांवरचे तिन्ही दिवस रविवार आहेत."

"मग?" टिपणीसांनी विचारलं.

खोलीतल्या तिघांनी मात्र दचकून वर पाहिलं. जयेश, मेधा आणि बिल्किस.

"रविवारी?" जयेश म्हणाला. "ठाण्यात? काउंटर बंद असतं हो. सगळंच बंद असतं. रविवार आहे तो!"

बहरीनमध्ये एकोणीस वर्षं ज्या दिवशी टिपणीस सकाळी साडेसातला टाय लावून कामावर गेले, तो दिवस जगात दुसरीकडे झोपण्यासाठी राखून ठेवलेला असतो, हे आठवल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत होतं.

"म्हणजे पावत्या खोट्या," तय्यबा म्हणाली. "आणि त्या इथे बनल्या. बनवणाऱ्याने शुक्रवार शनिवार टाळले, कारण त्याच्या डोक्यात सुट्टी तीच. जयेशसाहेबांच्या हातून ही चूक होणार नाही. हा माणूस अजून दर रविवारी आजारी पडतो."

"थँक यू," मेधा म्हणाली. "एचआरला हेच लिहून द्याल का?"

"सतरा वर्षं इथे मीपण आहे," बिल्किस म्हणाली. आरोप आपल्यावर येण्याआधी आपणच त्याला सामोरं जायचं, असा तिचा स्वभाव होता. "मला धर ना."

"धरलं होतं, आपा. पण बनवणाऱ्याने रक्कम उलटी काढलीय. आधी ठरवलं, जयेशचे उरायला हवेत तीनशे एकोणचाळीस. मग पगारातून तेवढे सोडले आणि बाकीचे दोनशे तीसने गुणले. म्हणून ते वरचे तीस रुपये. आता तीनशे एकोणचाळीसच का? कारण नजीबचाचांचे तीनशे चाळीस. तुमच्या रजिस्टरमध्ये तीनशे पंचावन्न आहेत. तुम्ही बनवलं असतंत तर तीनशे चोपन्न ठेवले असते. चाळीसचा आकडा सांगणारा कागद आला तेव्हा तुम्ही खेडला लग्नात होतात."

"दोनशे बारा फोटो," बिल्किस म्हणाली.

"तो कागद ज्याने घेतला त्याने त्यावर स्वतःच लिहून ठेवलंय की मी स्वतः स्वीकारला."

नजीब पहिल्यांदाच हलला. जाकीट चमकलं. "एक दिनार. शंभराने पाडला असतास तरी चाललं असतं. एकाने कशाला?"

"शंभराने पाडण्यात काय मजा?" टिपणीस शांतपणे म्हणाले. आवाजात ना पश्चात्ताप, ना भीती. जणू ते ताळेबंदच वाचत होते. "दोनशे माणसांपुढे मला एका दिनाराने चोर ठरवलंस तू. त्या दिवशी घरी जाऊन मी ती बेरीज चाळीस वेळा केली. चाळीस वेळा. मला तुला एकानेच पाडायचं होतं, आणि ते तुला कळायला हवं होतं."

"कळलं," नजीब म्हणाला. "माझ्या पोरीला कळवू? परीक्षेला बसू नको, प्लेग्रुपच्या पोरांसारखी केळी रंगव म्हणून?"

बिल्किसने नवीन चेकबुक टेबलावर आदळलं. "नजीबच्या नावाने लिहिते. साहेब, सही करा आणि काळं करा."

टिपणीसांनी खिशातून पेन काढलं. एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद पुढे सरकवला. "हा माझा राजीनामा. आत्तापासून. राजीनामा दिलेल्या अध्यक्षाची सही बँकेत चालत नाही. नवा अध्यक्ष वार्षिक सभेत, मार्चमध्ये. कलम चौदा. मी लिहिलंय ते. मार्चपर्यंत मुलीला केळी रंगवू दे."

ते उठले, खुर्ची आत सारली, आणि दार हळूच लावून गेले.

६

"मी त्याचा खून करतो," नजीब म्हणाला.

"नंतर," मेधा म्हणाली. तिने पर्स उघडून एक लिफाफा टेबलावर टाकला. "हा सोमवारी घरी आणून दिला त्यांनी. फोटो काढून. त्यांच्या तोंडावर फेकायला आणला होता, पण माणूस निसटला."

आत जयेशच्या नावाचा चेक होता. पूर्ण क्रेडिट. खाली टिपणीसांची टोकदार सही, तारीख राजीनाम्याच्या दोन दिवस आधीची.

जयेशने चेक हातात घेतला. "मी माझ्या खात्यात टाकतो. आणि उद्या सकाळी माझ्या कार्डाने शाळेत फी भरतो. झालं."

"उपकार नको मला तुझे," नजीब म्हणाला.

"कसले उपकार?" मेधा म्हणाली. "सबंध बहरीनमध्ये आमच्याइतकं गरीब कुणी नाही. गरिबाला कुणावर उपकार करता येतात का? आणि हा चांगुलपणाने करत नाहीये. त्या म्हाताऱ्याला उद्या कळलं पाहिजे, म्हणून करतोय."

"अगदी बरोबर," जयेश म्हणाला. चार महिन्यांत तो प्रथमच तरतरीत दिसत होता.

हे नजीबला पटलं. वैरभावनेने दिलेलं घ्यायला त्याची हरकत नव्हती.

बिल्किसने ठराव लिहिला: जयेशने क्रेडिट घ्यावे व ते जिकरा हमदुलेच्या फीसाठी वापरावे. "खाली तपासनिसाची सही लागेल," ती म्हणाली आणि सगळे तय्यबाकडे बघायला लागले.

खोट्या पावत्यांवर निघालेला चेक नियमाने रद्द करायला हवा होता. तय्यबाला ते कलमही पाठ होतं. तिने ठराव वाचला. पुन्हा वाचला. चेकची तारीख पाहिली, आकडे पाहिले, अक्षरी रक्कम पाहिली. मग आयुष्यात प्रथमच तिने नीट तपासून, डोळे उघडे ठेवून, चुकीच्या कागदावर सही केली.

गुरुवारी सकाळी शाळेच्या काउंटरवरच्या बाईंनी जयेशचं कार्ड घेतलं आणि हिंदीत विचारलं, "आप बच्ची के कौन?"

"स्पॉन्सर," जयेश म्हणाला.

"माझ्या व्हिसाचा स्पॉन्सर एअरपोर्ट हाय," नजीब म्हणाला. "लिहा, कुणी नाय."

बाईंनी तेच लिहिलं आणि खिडकीतून हॉल तिकीट सरकवलं. जिकराने ते दोन्ही हातांनी उचललं. सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चार रात्री झोपली नसावी. तिने वडिलांकडे पाहिलं, जयेशला मान झुकवून थँक्स म्हटलं. तय्यबा जरा मागे उभी होती, ती पुढे झाली.

"दे इकडे, बाय. नाव, नंबर, विषयांचे कोड, सगळं बरोबर आहे का मी एकदा बघते."

जिकराने हॉल तिकीट छातीशी धरलं.

"नो, आपा," ती म्हणाली. "आय विल चेक इट मायसेल्फ."

आणि तिथेच, रांग अडवून, ती एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागली. मागचे लोक कुरकुरत होते. तय्यबा ती संपवेपर्यंत थांबली.